सर्व्हर बदलला त्या आखाजीला

कंपनीचा ईमेलचा सर्व्हर एका नावावरून दुसऱ्या नावावर नेणं, हे काम मी आयुष्यात एकदाच केलं. पुन्हा कोणी सांगितलं असतं तर राजीनामा देऊन रावेरला केळीचे घड उचलायला गेलो असतो. काम अवघड होतं असं नाही. कंटाळवाणं होतं, घामट होतं, आणि ज्याला त्यातलं काही कळत नाही असा प्रत्येक माणूस त्यात सल्ला देत होता. पण लिहायला बसलोय ते त्या वैतागासाठी नव्हे. त्या कामात धुळ्याच्या ऑफिसातल्या आमच्या अक्कांची नोकरी गेली. ती माझ्यामुळे गेली असं कोणीच म्हणत नाही, आणि म्हणूनच ते कधीतरी मला स्वतःला सांगायला हवं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एमआयडीसीत आमची कंपनी, दोन सख्ख्या भावांची. थोरल्यांची डाळ मिल, धाकट्यांचा प्लॅस्टिकच्या चटयांचा कारखाना, पण नाव एक आणि ऑफिसही एक. चटया आखातात आणि आफ्रिकेत जायच्या, म्हणून गावातल्या पुष्कळांच्या आधी आमच्याकडे ईमेल आलं. मी तिथला कॉम्प्युटरवाला. कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एक पेचकस. प्रिंटरची रिबन अडकली तर मला हाक, कूलरमधून पाण्याऐवजी नुसता आवाज येऊ लागला तरी मलाच हाक. विजेवर चालतं ते सगळं माझं, असा तिथला हिशेब होता.

त्या वर्षी भावांच्या वाटण्या ठरल्या. भांडण मोठं नव्हतं, पण अबोला मोठा होता, म्हणून पारोळ्याहून त्यांच्या मामांना मध्यस्थ म्हणून आणलं. मामा धोतर-टोपीतले, शांत, चहा बशीत ओतून पिणारे. त्यांची पद्धत अशी की जे काही वाटायचं त्याची यादी करायची, दोघांच्या सह्या घ्यायच्या, आणि सही झाली की त्या यादीचं नावही पुन्हा काढायचं नाही. कपाटांची यादी, गाड्यांची यादी, टेलिफोनच्या लाइनींची यादी. कूलर सात होते, तर सातव्यावरून एक अख्खी दुपार गेली.

कंपनीचं नाव थोरल्यांकडे गेलं. धाकट्यांनी चटयांचा कारखाना आणि धुळ्याचं विक्री ऑफिस घेतलं आणि नव्या नावाची कंपनी काढली. आता ईमेलच्या पत्त्यात त्या वेटोळ्या ‘ॲट’च्या पुढे कंपनीचं नाव असतं, त्याला डोमेन म्हणतात. ते नाव थोरल्यांचं झालं, म्हणजे आमच्या सगळ्या माणसांचे पत्ते एका सहीत परके झाले. नवं डोमेन घ्यायचं, नवा सर्व्हर लावायचा, प्रत्येकाची पेटी तिथे नव्याने उघडायची आणि जुनी पत्रं तिकडे न्यायची, हे सगळं माझ्या गळ्यात पडलं. पेटी हा आमच्या ऑफिसचा शब्द. मेलबॉक्स म्हणायला जिभेला जड जात असावा.

धाकट्या साहेबांनी सांगितलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला करायचं. साडेतीन मुहूर्तांतला एक, शिवाय खानदेशात आखाजीलाच सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं साल बदलतं, नवा मालक धरायचा तो त्याच दिवशी. ऑफिसात त्यावरून थट्टा सुरू झाली की आपणही सगळे सालदारच, यंदा मालक बदलतोय. मी साहेबांना समजावलं की डोमेन मुहूर्त पाळत नाही. आपण इथे बदललं तरी जगभरच्या सर्व्हरना कळायला दोन-तीन दिवस लागतात.

“जगाला कळू दे सावकाश,” साहेब म्हणाले. “आपण आपलं मुहूर्तावर करू.”

 मी पेट्यांची यादी करायला घेतली.

जळगावची यादी एका सकाळी झाली. धुळ्यासाठी एसटी पकडली. एरंडोल, पारोळा करत ती गाडी धुळ्याला पोचेपर्यंत माणूस खिडकीच्या गरम वाऱ्याने पापडासारखा होतो. ऑफिस आग्रा रोडच्या एका बोळात, वरच्या मजल्यावर. दारातच अक्कांचं टेबल.

अक्का माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. कॉटनची साडी, पदर खोचलेला, चष्म्याला दोरी. टायपिंगच्या परीक्षा देऊन त्या तिथे टेलेक्सवर लागल्या होत्या. टेलेक्स गेलं, फॅक्स आलं. फॅक्स होता तोवर ईमेल आलं. अक्का टेबल न बदलता तिन्ही शिकल्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून घर त्यांच्याच पगारावर चालत होतं आणि मुलगी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होती. हे त्या कुरकुर म्हणून सांगायच्या नाहीत. बसची वेळ सांगावी तसं सांगायच्या.

धुळ्याची सगळ्यांची मिळून एकच पेटी होती आणि ती अक्का उघडायच्या. सकाळी अकराला आणि दुपारी चारला फोन लावून जळगावचा सर्व्हर जोडायचा, आलेली पत्रं त्या लांबलचक जोडकागदावर छापायची, फाडायची, आणि ज्याची त्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. नुसती ठेवायच्या नाहीत. तातडीच्या ओळीखाली लाल रेघ मारायच्या, आणि विक्रीवाल्यांचं इंग्रजी कच्चं म्हणून समासात पेन्सिलीने मराठीत सारांश लिहायच्या. ‘रंग फिका आला म्हणतो. रागावलेला आहे, पण ऑर्डर तोडणार नाही.’ असले शेरे मी स्वतः वाचलेत, आणि ते बरोबर निघायचे.

हे सगळं बघून मला सुधारणा सुचली. मला त्या वयात सुधारणा फार सुचायच्या. नव्या सर्व्हरवर धुळ्यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र पेटी द्यायची, म्हणजे छापणं नको, फाडणं नको. अक्कांना सांगितलं तर त्या खूश झाल्या. त्यांनीच खुर्ची ओढून मला नावं सांगितली: मॅनेजर, विक्रीचे दोघे, हिशेबनीस, माल पाठवणारे. पाच.

“आणि तुमची पेटी, अक्का?”

“मले कोन मेल धाडस?” त्या हसल्या. “मन्हं बठ्ठं काम यास्नंच. कारकुनी पेटी कशाले वाढावतस?”

सगळं काम या पाचांचंच, मग कारकुनाला वेगळी पेटी कशाला, हे मला पटलं. पाच नावं लिहिली, अक्कांनी चहा मागवला, आणि साडेचारच्या गाडीने मी परत निघालो. आमच्या दोघांनाही आपण काय करून ठेवलं याचा पत्ता नव्हता.

झालं ते असं. नव्या कंपनीत माणसं नव्याने नेमायची होती. कारखान्यातले कामगार आणि शिपाई-ड्रायव्हर हजेरीपटावरून घेतले. ऑफिसच्या माणसांची एकत्र यादी मात्र कोणाकडेच नव्हती. कोणी या भावाचं काम करी, कोणी त्या भावाचं, बरेच दोघांचंही. जळगावच्या आमच्या ऑफिस मॅनेजरांना मामांपुढे यादी हवी होती आणि माझी पेट्यांची यादी टेबलावर आयती पडली होती, टाइप केलेली, गावानुसार लावलेली. त्यांनी वरचं शीर्षक बदललं. पेटी आहे तो ऑफिसचा माणूस. कोणाच्याही डोक्यात हेच आलं असतं. मला कोणी विचारलं नाही, सांगितलंही नाही.

आखाजीचा दिवस उजाडला तो भट्टीसारखा. गावात घरोघर घागरी भरलेल्या, आंब्याचा रस, सांजोऱ्या, झाडांना झोके, ओट्यांवर पत्त्यांचे डाव. ऑफिसला सुट्टी. मी सकाळी आठपासून त्या खोलीत. नव्या सर्व्हरवर कोणीतरी कुंकवाचं स्वस्तिक काढून ठेवलं होतं, तेही डिस्क घालायच्या फटीच्या अगदी वर. भटजींनी कळशीतलं पाणी शिंपडलं तेव्हा मी यंत्रावर अक्षरशः अंग टाकलं. नारळ दाराबाहेर फोडा एवढी विनंती मात्र साहेबांनी ऐकली.

त्यानंतर वीज गेली. आली, पुन्हा गेली. बॅटरी पंधरा मिनिटं टिकायची आणि जुनी पत्रं नेण्याला प्रत्येक पेटीमागे वीस मिनिटं लागायची, म्हणजे दर वेळी तोंडाशी आलेला घास जायचा. दुपारी एकला माझा शर्ट अंगाला चिकटला होता आणि डोकं दुखायला लागलं होतं. हॉलमध्ये मामा, दोघे भाऊ आणि आमचे ऑफिस मॅनेजर शेवटच्या याद्यांवर बसले होते. अधूनमधून साहेब दारात येऊन विचारत, “चालू झालं का?” मी “होतंय” म्हणायचो. मुहूर्ताला पाठवलेलं त्यांचं पहिलं पत्र दुबईला पोचलं नव्हतं आणि याला जबाबदार मी होतो. वीज आणि दुबई दोन्ही माझ्याच खात्यात.

दोनच्या सुमारास अखेर मॉडेमची लाइन लागायची चिन्हं दिसली. लाइन एकच. थोरल्यांच्या वाटणीत दोन गेल्या होत्या. तीच लाइन वाजली. धुळ्याहून अक्का.

त्या घरची घागरीची पूजा आटोपून, सुट्टी असून, किल्ली घेऊन ऑफिसात आल्या होत्या. पाचही पेट्या तिकडून उघडतात का हे पाहायला. मी त्यांना बोलावलंही नव्हतं.

“भाऊ, जेवन व्हयनं का?”

“नाही अक्का. बोला.”

त्यांनी पेट्यांचं सांगितलं. चार उघडल्या, एक नाही. मी काय करायचं ते सांगितलं. आता त्या फोन ठेवतील म्हणून मी मॉडेमच्या बटनावर हात ठेवून बसलो होतो.

“भाऊ, एक इचारू? मन्हं नाव शे ना त्या यादीमा?”

आवाज जरा बारीक झाला होता. मला वाटलं, धुळ्याची जुनी सामाईक पेटी बंद करू नका असं म्हणायचंय त्यांना. खरं सांगायचं तर तेवढंही वाटलं नाही. मला काहीच वाटलं नाही. मला लाइन हवी होती.

“हो हो अक्का, आहेत सगळी नावं. ठेवा आता, मला लाइन लागतेय.”

“बरं बरं. जेवी ल्या आधी,” म्हणाल्या आणि ठेवला.

नेमणुकीची यादी बनतेय याची त्यांना धुळ्यात कुणकुण लागली होती. कोणाला विचारावं? धुळ्याच्या मॅनेजरला विचारलं तर संशय दिसतो. साहेबांना थेट विचारलं तर आगाऊपणा दिसतो. माझ्यावर विश्वास, म्हणून मला विचारलं. मी ‘माहीत नाही’ म्हटलं असतं तर त्यांनी लगेच साहेबांना फोनवर बोलवायला सांगितलं असतं, कारण बाई तशा भित्र्या नव्हत्या. मामा त्या वेळी माझ्यापासून दहा पावलांवर होते आणि ती यादी अजून सहीविना होती. दोन शब्द बोलायचे होते, आणि तेवढ्यासाठी मी उठलो नाही.

चारला सर्व्हरवरून बाहेरची पत्रंही जाऊ लागली. पाचला सह्या झाल्या. सगळ्यांनी पेढे खाल्ले, मीही खाल्ला.

चौथ्या दिवशी नेमणुकीची पत्रं धुळ्याला पोचली. पाच. थोरल्यांच्या कंपनीने धुळ्याचं ऑफिस सोडलं म्हणून तिथल्या सगळ्यांना रीतसर मोकळं केलं होतं. तीही पत्रं त्याच पाकिटात, ती सहा. धुळ्याच्या मॅनेजरांनी जळगावला फोन केला, तो योगायोगाने मीच उचलला. “अक्कांचं पत्र राहिलं वाटतं,” ते म्हणाले. त्यांनाही चूकच वाटत होती. चूकच होती.

मी आमच्या ऑफिस मॅनेजरांकडे गेलो. त्यांनी फाइल काढली, माझीच यादी माझ्यापुढे धरली. शीर्षक तेवढं नवं.

“ही तुमची यादी ना? मी एक अक्षर बदललेलं नाही.”

“पण ही पेट्यांची होती!”

“मग त्यांची पेटी का नाही केली?”

मी साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, हळहळले, आणि म्हणाले की मामांच्या कानावर घालतो. मामांचं उत्तर मी स्वतः ऐकलं, पारोळ्याला फोन लावून दिला तेव्हा रिसीव्हर माझ्याच हातात होता. “एक नाव बदलं ते बठ्ठं बदली जाई,” मामा म्हणाले. “मोठा मंग कूलर काढी.” यात त्यांचं खोटं नव्हतं. सातवा कूलर अजून धुमसत होता. साहेबांनी मग हळूच मला विचारलं, “आणि आता प्रत्येकाला पेटी आहे, तर त्यांना काम तरी काय राहिलं? तुम्हीच म्हणालात ना, छापायची गरज नाही.”

मीच म्हणालो होतो.

टेबलाशी येऊन मी एक वेडगळ काम केलं. नव्या सर्व्हरवर अक्कांच्या नावाची पेटी उघडली आणि यादी पुन्हा छापली, आता धुळ्याची सहा नावं. ती घेऊन पुन्हा मॅनेजरांकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि कागद परत दिला. त्यांचंही बरोबर होतं. माणसाची नोकरी पाहून पेटी मिळते, पेटी पाहून नोकरी देणं त्यांनी फक्त एकदा, घाईत केलं होतं.

महिनाअखेरीस मला धुळ्याला जावं लागलं, पेट्या कशा उघडायच्या ते शिकवायला. गेलो तर शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. अक्कांनी आपल्या उरलेल्या दिवसांत पाचही जणांना शिकवून ठेवलं होतं. प्रत्येकाच्या टेबलाच्या काचेखाली त्यांच्या अक्षरात पायऱ्या लिहिलेला कागद, आणि विक्रीच्या दोघांसाठी नेहमीच्या इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ. हिशेबनीस ते वाचून दोन बोटांनी बटनं दाबत होते. धुळ्याचे मॅनेजर मान खाली घालून बसले होते. त्यांनी अक्कांसाठी तीनदा जळगावला फोन केला होता, तिन्ही वेळा मीच जोडून दिला होता. अक्कांना हे त्यांनी सांगितलं नव्हतं. जमलं नाही ते काय सांगायचं, असा त्यांचा स्वभाव.

मी निघालो तेव्हा अक्का जिन्यापर्यंत आल्या. पिशवीत त्यांचा स्टीलचा डबा आणि टेबलावरची छोटी घंटी होती. दोन पायऱ्या उतरून मी वळलो, कारण त्या थांबल्या होत्या.

“भाऊ, त्या दिन तुम्ही यादी दखेल व्हती ना? मन्हं नाव व्हतं ना?”

त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. त्यांना फक्त नीट कळून घ्यायचं होतं. आणि मला, एवढ्या उन्हातून आलेल्याला, एवढ्या थकलेल्याला, तो एक खरा शब्द बोलवेना. नव्हती पाहिली, अक्का. लाइन हवी होती म्हणून हो म्हटलं. इतकंच तर होतं.

“होतं,” मी म्हणालो. “होतं अक्का. नंतर काढलं.”

“कोनी?”

 गप्प बसणं हे उत्तर असतं हे मला तेव्हा समजत होतं, तरी गप्प बसलो. अक्कांनी मागे वळून उघड्या दारातून आत पाहिलं. तिथे मॅनेजर अजून मान खाली घालून बसले होते.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “मले समजनं.”

पुढे त्यांना एका शाळेत टायपिस्टची जागा मिळाली, निम्म्याहून कमी पगाराची. मुलगी शिकली, नोकरीला लागली. हे मला कळत राहिलं, कारण धुळ्याला गेलो की मी त्यांच्याकडे जायचो आणि त्या मला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्यांचं आणि धुळ्याच्या मॅनेजरांचं घर एकाच गल्लीत होतं. दोन्ही घरांच्या पोरी एकत्र वाढलेल्या. त्या दिवसानंतर अक्का त्या दारात गेल्या नाहीत. मॅनेजरांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी परत पाठवली. मॅनेजर गेले तेव्हा सगळी गल्ली जमली, अक्का दार लावून घरात बसल्या. असं का, ते त्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी मात्र अजून जातो. अक्का आता थकल्यात, नीट दिसत नाही, पण आवाजावरून ओळखतात आणि नातीला सांगतात की ह्या भाऊंनी माझ्यासाठी फार केलं, त्यांनी माझं नाव घातलं होतं.

मी ताटावर बसतो आणि जेवतो.